गंधाचा बोळा

आमचे थोरले दीर कृष्णराव. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तंजावरचं राज्य बुडून शंभर वर्षं व्हायला आली, पण अण्णांच्या डोक्यातलं राज्य अजून बुडालेलं नाही. पणजोबा म्हणे राजवाड्यात हत्यारांवर देखरेखीला होते. त्या हत्यारांतलं एक गंजकं पातंसुद्धा आमच्या वाट्याला आलं नाही. आली ती फक्त रीत. खंडेनवमीला बंदुकीच्या नळीच्या तोंडात गंधात भिजवलेला कापसाचा बोळा बसवायचा, म्हणजे त्या दिवशी हत्याराला विसावा. दसऱ्याला सकाळी तो काढायचा. बसवायचा थोरल्याने आणि काढायचाही थोरल्यानेच. दुसऱ्या कुणी हात लावला तर घराची बरकत जाते म्हणे.

आता बंदूक कुठली? म्हणून ती रीत आता लॉरीवर. लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली ती गाडी अण्णांच्या नावावर घेतली, पण तिला माणसात आणली ती आमच्या ह्यांनी. तिरुनीलक्कुडीचं भात आणि आमच्या कुंभकोणमची विड्याची पानं स्टेशनावर न्यायची, हे तिचं काम. हे तिला चालवत, दुरुस्त करत, आणि जेवतानासुद्धा तिच्याबद्दलच बोलत. मला सवत असती तरी मी इतकी जळले नसते. पण खरं सांगते, गाडीखालून हात काळे करून बाहेर येताना ह्यांच्या तोंडावर जे सुख दिसे, ते दुसरीकडे कुठे दिसलं नाही. म्हणून मी गप्प बसत असे.

भाद्रपदात ह्यांनी अख्खं इंजिन उतरवून पुन्हा बसवलं. नवरात्र पार पडलं आणि गाडी तेल गाळायला लागली. थेंब थेंब नव्हे, चांगली धार. पानांच्या पाट्या घेऊन स्टेशनाला जाऊन येईपर्यंत दारापासून दारापर्यंत काळी रेघ उमटे.

अण्णा ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ह्यांच्यावर ओरडले, "सेतू, तुझ्या हाताला यश नाही. मी तेव्हांच सांगट्लों, इंजिनाला हात लावू नोको म्हणून. शुक्रवारपर्यंत गळणं थांबलं नाही तर चावी शेषाद्रीला देणार."

शेषाद्री म्हणजे अण्णांच्या बायकोचा भाऊ. त्याचं बाजारात स्वतःचं वर्कशॉप आहे आणि त्याचा डोळा आमच्या गाडीवर पहिल्यापासून. चावी तिकडे गेली की परत येणार नाही, हे मला कळत होतं आणि ह्यांनाही.

तेल मागच्या बाजूला टपकत होतं, म्हणून ह्यांनी आधी मागचं सील बदललं. मग इंजिनाखालचं तेलाचं पात्र उतरवलं, बुचाच्या पातळ तक्त्यातून नवं गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसवायची पट्टी, कापलं, बोल्ट एकेक करून आवळले. दोन दिवस ह्यात गेले. गाडी सुरू केली, तर तेल गळतंच. आता तर पुढूनही. अण्णा नुसते हसले. त्या हसण्यावर मला काय काय बोलावंसं वाटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी हे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "रांगोळीचं पीठ अहे का? असेल तेवढं दे."

मी डबाच हातात ठेवला. ह्यांनी अख्खं इंजिन रॉकेलने धुतलं, कोरडं पुसलं, आणि त्यावर माझं तांदळाचं पीठ भुरभुरलं. पांढरं झालेलं इंजिन सुरू केलं. पीठ जिथे आधी भिजेल तिथून तेल येतं, असा त्यातला हिशेब. मीही वाकून पाहायला लागले. पीठ एका जागी भिजेना. वरच्या झाकणाच्या कडेने भिजलं, तेल मोजायच्या पट्टीपाशी भिजलं, मागेही भिजलं. सगळीकडून एकदमच.

ह्यांनी तेल ओतायचं झाकण उघडलं. आतून भक्कन धूर आला, आणि बघता बघता गळणं मंदावलं.

"गॅस्केटं अस्की बरी अहेत, एकही खराब नाही," हे म्हणाले. "आंत वाफ कोंडतीय. बाहेर जायला वाट नाही, म्हणून तेलाला ढकलतीय."

ती वाफ जायला इंजिनाच्या बाजूला एक नळी असते. ह्यांनी तिच्या तोंडात तार घातली, पिळली आणि ओढली. बाहेर आला तो कापसाचा बोळा. एका टोकाला तेलाने काळा, दुसऱ्या टोकाला गंधाने पिवळा आणि दगडासारखा वाळलेला. त्यावर अंगठा दाबल्याची खूण तशीच होती.

ते गंध मीच उगाळलं होतं. बोळे मीच वळले होते. आणि दसऱ्याला अण्णा भल्या पहाटे तिरुविसनल्लूरच्या मठात भजनाला गेले, जाताना गाडीवरची फुलं तेवढी काढून गेले, हेही मीच पाहिलं होतं. आडवी नळी दिसली, तिला बंदूक समजले, आणि काढायचं विसरले.

अण्णा ओट्यावरच होते, शेजारी शेषाद्री. ह्यांनी तो बोळा अण्णांपुढे धरला. मी मनात म्हटलं, आता बोला.

अण्णांनी बोळ्याकडे पाहिलं, अंगठ्याच्या खुणेकडे पाहिलं. मग उठले, दोन्ही हातांनी तो घेतला, डोळ्यांना लावला.

"देवाचं निर्माल्य अहे हे. तेलकट हाताने धरतात?" असं म्हणून ते चप्पल न घालता तडक कावेरीवर गेले आणि बोळा वाहत्या पाण्यात सोडून आले. इतक्या भक्तीने निर्माल्य सोडायला त्यांना मी कधी जाताना पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर पाय धुतले आणि म्हणाले, "थोरला जिवंत असतां खंडेनवमीचा बोळा तू काढलास. तेही तारेने, रस्त्यावर. घरची रीत मोडलीस. असल्या हातांत गाडी ठेवणं बरं नाही. चावी शेषाद्रीला दे."

"अण्णा, दसरा होऊन किती दिवस झाले?" मी दारातून मोठ्याने म्हटलं. "आणि नळीत बोळा कोंबला कोणी?"

"विशालाक्षी, आंत जा," हे म्हणाले. मला रागावले, अण्णांना नाही. आणि कनवटीची चावी सोडून शेषाद्रीच्या हातावर ठेवली.

रात्री जेवताना गल्लीतून लॉरी गेली. शेषाद्रीचा माणूस चालवत होता. ह्यांचा घास हातातच राहिला. मान तिरकी करून आवाज लांब जाईपर्यंत ऐकत बसले.

"बघ," म्हणाले, "कसं गोड चालतंय. थेंब गळत नाही आतां."

तोंडावर तेच सुख होतं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हीतलं एकही मी दाखवलं नाही. न मागता पानात भात वाढला.