तिसऱ्या अंकातील प्रेत

नाटकाचा जन्म कसा झाला, हे आमचे मास्तर कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसास पहिल्याच दिवशी समजावून सांगत असत. आदिम काळी माणसे शिकार करून परतली, तेव्हा मागे राहिलेल्यांना ती हकिकत नुसत्या शब्दांनी सांगता येईना. म्हणून एकाने भाला उचलला, दुसरा जनावर होऊन चार पायांवर धावला आणि अखेर कोसळून मेला. बाकीचे विस्तवाभोवती बसून बघत राहिले. मास्तरांच्या मते नाटकाला एवढेच लागते : करणारा, बघणारा आणि दोघांच्या मध्ये थोडी मोकळी जागा. रंग, पडदे, दिवे, संवाद हे सर्व मागाहून आले. मग ते माझ्याकडे बोट दाखवीत आणि म्हणत, की भालेवाल्याचे कौतुक सगळेच करतात, परंतु जो पहिल्यांदा मेला तो यांचा पूर्वज. मंडळी हसत, मीही हसत असे. तथापि मनातून मला त्या वाक्याचा अभिमान वाटे, कारण आमच्या नाटकात प्रेताचे काम मी करीत होतो.

त्या नाटकातील स्त्री दोन अंक परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहते आणि तिसऱ्या अंकात तो घरी येतो तो मरूनच. नवऱ्याच्या भूमिकेस एकही संवाद नाही. पडदा उघडतो तेव्हा रंगमंचाच्या मधोमध एका बाकावर मी पांढऱ्या चादरीखाली निजलेला असे. हे काम लोकांना सोपे वाटते. वस्तुतः जिवंत माणसाने मेलेले राहणे यासारखे कष्टाचे काम नाही. ती बोलू लागली की सर्वांचे डोळे तिच्या तोंडाकडे असतात, तेवढ्यात हलकेच श्वास घ्यायचा. ती गप्प झाली की धरून ठेवायचा. चादर दूर झाल्यावर पापणीही थरथरता कामा नये. कंपनीत मला मयतराव म्हणत. दारावरचा तिकिटे बघणारा रोज संध्याकाळी विचारी, "काय मयतराव, आज मरायला लवकर आलात?"

ती स्त्री रंगवणारी नटी म्हणजे माझे कुटुंब. आमचा संसार या कंपनीतच झाला आणि आम्हांस एक मुलगी होती. ती नुकती शाळेत जाऊ लागली होती, तोच तापाने आजारी पडली आणि इस्पितळातून परत आली नाही. हिने घरी येऊन मुलीचे कपडे, चपला, पाटी एका पेटीत भरली, पेटी माळ्यावर टाकली आणि चूल पेटवली. डोळ्यांतून टिपूस नाही. माझी थोरली बहीण मुद्दाम येऊन राहिली होती. ती हिला जवळ घेऊन म्हणाली, "अगं, रड एकदाची. दगड होशील." ही म्हणाली, "वन्सं, भात करपेल." बहीण डोळे पुसत निघून गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरात आवाज राहिला तो भांड्यांचा. मीठ कमी आहे का, पाणी भरले का, एवढेच बोलणे. मी काही बोलू गेलो की ही उठून दुसऱ्या खोलीत जाई. तिचा राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. राग असता तर निदान त्याला तोंड देता आले असते. ती माझ्या अंगाला चुकूनही हात लागू देत नसे. वाटीसुद्धा माझ्या हातात न देता पुढ्यात ठेवी.

फक्त तिसऱ्या अंकात ती मला हात लावी. चादर दूर करून कपाळावरून हात फिरवी, गालावर गाल ठेवी आणि रडे. तिचे अश्रू माझ्या कानशिलावरून ओघळत कानात जात. डोळे मिटलेले असल्यामुळे मी तिला कधी पाहिले नाही. परंतु नाटकातले रडणे आणि खरे रडणे यांतला फरक अंगावर पडलेल्या पाण्यावरून कळतो, असे मी धरून चाललो होतो. घरी जे तिला जमत नाही ते ती येथे माझ्यापाशी करीत आहे, किंबहुना आम्ही नवराबायको लोकांच्या देखत आपल्या लेकीसाठी एकत्र रडत आहोत, फक्त माझ्या वाट्याला निश्चल राहणे आले आहे, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीवर मी दिवस काढीत होतो.

पुढे मला खोकला जडला. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले की हा पाहुणा आता जायचा नाही, याच्याशी जुळवून घ्या. मी गरम पाणी पीत असे, ओठांत लवंग धरीत असे, पहिले दोन अंक मागच्या जिन्यात बसून खोकून घेत असे, जेणेकरून तिसऱ्या अंकापुरती छाती रिकामी व्हावी. बरेच प्रयोग तसे निभावले. एका संध्याकाळी मात्र हिने चादर दूर केली, गालाला गाल लावला आणि मला ढास लागली. हिने तळहात माझ्या तोंडावर दाबला आणि मोठ्याने आक्रोश केला, पण व्हायचे ते झाले. मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, "वहिनी, रडू नका, धुगधुगी आहे अजून." सगळे नाट्यगृह हसले. त्यानंतर अंक संपेपर्यंत ती प्रत्येक वाक्य बोले आणि लोक हसत.

मास्तर रागावले नाहीत, हेच वाईट झाले. त्यांनी मला शेजारी बसवून घेतले आणि म्हणाले, "तुमचा दोष नाही. पण मेलेल्या माणसानं मेलेलंच राहावं लागतं. आता आपण बाहुला करू." मी हात जोडले. झाडलोट करीन, सामान वाहीन, पण हे काम काढून घेऊ नका, असे विनवले. एवढ्या बिनसंवादाच्या कामाचा इतका लोभ का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी पुन्हा हातच जोडले. घरी येऊन मी हिला म्हणालो की मास्तर तुझा शब्द मोडणार नाहीत, तू एकदा सांगून बघ. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "मास्तर ठरवतील तेच बरं."

बाहुल्याचे तोंड माझ्यासारखेच हवे होते, कारण पहिल्या अंकात भिंतीवर टांगलेली तसबीर माझीच होती. कंपनीच्या सुताराने मला फळीवर निजवून तोंडाला तेल चोपडले, नाकपुड्यांत दोन नळ्या खोचल्या आणि वरून प्लास्टर थापले. "हलू नका हं," तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला, "तुम्हाला काय सांगायचं म्हणा." त्या साच्यातून कागदाच्या लगद्याचे तोंड निघाले. धड म्हणजे चिंध्या भरलेले गोणपाट. रंग वाळल्यावर सुताराने त्याला माझ्याशेजारी उभे केले आणि म्हणाला, "अगदी तुमच्यावर गेलाय. गुण तेवढा घेतला नाही, खोकत नाही."

बाहुल्याच्या पहिल्या प्रयोगाला मी शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो. माझ्या मनात एकच गोष्ट होती : ती रडते की नाही हे बघायचे. ती अडखळली, हात मागे घेतला, नुसते पाठ केलेले बोलली, तर आजवरचे रडणे माझ्यापाशीच होते, असे ठरणार होते. हे मागणे काही फार मोठे नव्हते.

पडदा उघडला. तो अंक मी जन्मात प्रथमच पाहत होतो. ती दारातून आली, बाकाजवळ थांबली, चादर दूर केली. कपाळावरून हात फिरवला. इथवर नेहमीप्रमाणे. मग तिने जे कधीच केले नव्हते ते केले. तिने त्याला उचलले. गोणपाटच ते, हलके; तिला सहज उचलता आले. ती खाली बसली, त्याला मांडीवर आडवे घेतले, डोके कोपरात धरले आणि पुढेमागे झुलू लागली. संवाद ती विसरली होती. तोंडातून शब्द नव्हताच, नुसता आवाज येत होता. तसा आवाज मी तिच्या तोंडून इस्पितळातही ऐकला नव्हता.

माझ्या पुढच्या बाईने पदर तोंडाशी नेला. शेजारचा थोराड माणूस चष्मा काढून डोळे पुसू लागला. सर्व जण रडत होते. आणि मला ढास लागली. मी रुमाल कोंबला, तरी ती आवरेना. तेव्हा तो शेजारचा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "अहो, बाहेर जा ना. लोकांना बघू द्या." मी बाहेर आलो. टाळ्यांचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही भाजी निवडीत बसली होती. तिचा चेहरा सैल पडला होता, डोळे सुजलेले होते आणि ती मंद स्वरात काहीतरी गुणगुणत होती. मी समोर बसलो आणि विचारले, "काल तू लेकीला घेतलं होतंस ना मांडीवर?"

तिने होकाराची मान हलवली. मग कितीतरी दिवसांत बोलली नव्हती इतके ती एका दमात बोलली.

"तुम्ही असायचात तेव्हा हाताला तुमचा श्वास लागायचा. छाती धडधडायची तुमची. जिवंत माणसावर कसं रडणार? मी नुसतं काम करायची. शिवाय धाकधूक असायची, तुम्ही खोकाल म्हणून." ती एक शेंग मोडून थांबली. "काल मोकळी झाले हो मी."

मी म्हणालो, "बरं झालं."

"एक सांगू?" ती खाली बघूनच म्हणाली. "तुम्ही बघायला बसू नका. खोकला वरपर्यंत ऐकू येतो. मला कळतं तुम्ही आहात ते."

मी तिला वचन दिले. मास्तरांनी दया येऊन मला कंपनीतच ठेवून घेतले आणि बाहुल्याची व्यवस्था माझ्याकडे दिली. दुसरा अंक संपून पडदा पडला की मी त्याला उचलून बाकावर निजवतो, हातपाय नीट जुळवतो, तोंडावर चादर ओढतो. ही तेव्हा विंगेत उभी असते. घंटा झालेली असते, तरी ती जागची हलत नाही, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहते. मी मागच्या दाराबाहेर जाऊन ते लोटून घेईपर्यंत ती थांबते.