अठरा बाय तेवीस

"कर्ण म्हंजे तिरकीच बाजू ना गं?" मोबाईल जवळजवळ नाकाला लावून आबांनी विचारलं.

"व्हय आबा. दोन बाजू घाला, तिसरी ते सांगतं."

त्यांचा तो अवतार बघून मला हसू आलं. माझे वडील म्हणजे सहादू मिस्त्री. राहुरी तालुक्यात चाळीस वर्षं घरांच्या पायाची आखणी करत आलेला माणूस. दोरी एका अंगाला तीन हात, दुसऱ्या अंगाला चार आणि तिरकी पाच भरली की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. आज मी शिकवणीत दहावीच्या पोरांना पायथागोरस शिकवते, तो आबांच्या दोरीवरच शिकले. पण देवळाली प्रवऱ्याला बंगला बांधायला काढलेल्या सूर्यभानरावांना दोरी नको होती. "हातानं मोजायचे दिवस गेले, मिस्त्री. मोबाईलवर करा, न्हाईतर मी नगरवरून दुसरा बघतो," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हातचं काम जाऊ नये म्हणून ते गणिताचं ॲप मीच टाकून दिलं होतं.

बंगल्याची पुढची खोली नकाशात अठरा बाय तेवीस होती. आबांनी ॲपमध्ये आकडे घातले, कर्ण अठ्ठावीस फूट आला. मजुरांनी टेप धरला, आखणीला चुन्याची फक्की पडली, जेसीबीनं चर खोदले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आबांचा डबा घेऊन गेले, तर सूर्यभानराव चराच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभे. एका भिंतीचा चर चक्क दीड फूट तिरका आत आला होता. आबा खाली मान घालून बसले होते.

"तुमचा काय दोष न्हाई, मिस्त्री," सूर्यभानराव म्हणाले. "मीच येड्यावानी मोबाईलच्या नादी लागलो. उद्यापासून तुमी तुमच्या दोरीनंच करा."

मला हायसं वाटलं. सहज म्हणून मी आबांचा मोबाईल उघडला. ॲपमध्ये परवाचं गणित तसंच होतं. मी ते वाचलं आणि पटकन मोबाईल बंद केला.

"काय लिवलंय, आशे?" आबांनी विचारलं.

"काई न्हाई, आबा. जेवून घ्या."

"वाच म्हन्तो ना."

"सोळा," मी म्हणाले. "सोळा आन् तेवीस."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मोबाईल खरा हाय, सूर्यभानराव. अठरा घालताना आठाच्या जागी सहा दाबला गेला, मला दिसलाच न्हाई. कोपरा तिरका पडतोय आसं मनात आल्तं, पन म्हन्लं, आता आपल्या डोळ्याचं काय खरं हाय? दोन महिन्यांमागं नगरच्या डॉक्टरानं सांगितलं, साखरेनं पडदे गेले. आता सुधरायचं न्हाई."

"घरी का न्हाई सांगितलं, आबा?"

"सांगून काय, कामं बंद केली आस्ती तू."

सूर्यभानराव मऊ आवाजात म्हणाले, "दोरी तर हातानं कळती ना, मिस्त्री?"

"कळती. पन उद्या भिंत वळंब्यात, सरळ उभी हाय का न्हाई, ते कोन बघनार? त्या घरात तुमची लेकरं ऱ्हानार."

मला तिथंच रडू फुटलं. मोबाईल नाकाला लावलेला बघून मी हसले होते, याची लाज वाटली. पोटची पोरगी मी, दोन महिने एका घरात राहून मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नगरवरून बिभीषण मिस्त्री आला. आबांनी घरी थांबावं म्हणून मी हातापाया पडले. "चर माज्यामुळं वाकडा झालाय, बुजवायला दुसरा कशाला?" म्हणत ते निघाले. एकटं सोडवेना म्हणून मीही गेले.

आबा वाकून फावड्यानं चरात माती ओढत होते. पलीकडून एका मजुरानं हाक मारली, "ओ मिस्त्री, दोरी ताणली, बघा!"

आबांनी फावडं खाली ठेवलं, कपाळाचा घाम पुसला आणि दोन पावलं पुढे टाकली. तेवढ्यात त्यांच्या शेजारून बिभीषण मिस्त्री लगबगीनं दोरीकडे गेला. आबा जागीच थांबले. मग मागे वळून, वाकून, हातानं चाचपत त्यांनी मातीतलं फावडं शोधलं.