सहा जणांचा बाक

माझ्यावर सहा माणसं बसत. मला उचललं तर त्या जागी तेरा उभी राहतील, आणि तेरा उभी राहिली की रेल्वेतल्या द्रागोमिरसाहेबांना बढती, म्हणजे खिडकीची खोली आणि मोठी खुर्ची मिळेल, असा साधा हिशेब होता. मित्रांनो, एका खुर्चीपायी बाक गेला. तोच मी, बल्गेरियातल्या सोफिया शहराच्या भुयारी रेल्वेतला जुना बाक.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी तपकिरी गादी नव्या बुटासारखी करकरायची. ल्युलिन वसाहतीतली माणसं कामाला निघत आणि दार उघडताच माझ्याकडे धावत. कोणी डुलक्या काढी, कोणी चीज भरलेला बानित्सा खाऊन तेलकट बोटं मलाच पुशी. मी कधी कुरकुरलो नाही.

माझी खरी सोबत त्स्वेताना आजीची. गुडघे अधू, तरी रोज सकाळी दारालगतच्या कोपऱ्यात बसून ती नातवाला सांभाळायला लेकीकडे जाई. लेकीचा नवरा म्हणजेच द्रागोमिर. मार्चात सगळे मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतात आणि फुललेलं झाड दिसलं की तो फांदीला अडकवतात. आजी म्हणाली, "भुयारात कुठलं आलंय झाड? तूच माझं झाड," आणि दोरा माझ्या दांडीला बांधला. इतक्या मायेनं माझ्याशी दुसरं कोणी बोललं नाही.

गर्दी वाढली. उपाय शोधायला साहेबांची बैठक भरली, तीही माझ्यावरच बसून.

"डबे वाढवू या," एकजण म्हणाला.

"फलाट आखूड आहेत."

"मग गाड्या वाढवा."

"आणि चालक? द्रागोमिरची सासू चालवणार का?"

"ती पोराला सांभाळते म्हणून, नाहीतर चालवलीही असती," द्रागोमिर हसला. "त्यापेक्षा बाक काढू. फुकटात काम."

माना डोलल्या. उठताना एकजण म्हणाला, "बसायला मात्र बरा आहे हो."

मला उखडून गोदामात टाकलं. तिथे ना दार उघडे, ना कोणी धावे. दोऱ्यावर धूळ चढली. आजी उभ्याने कशी जात असेल, एवढाच विचार मी करी.

मग एके दिवशी द्रागोमिर आला, दोऱ्याकडे बघत राहिला आणि मला ट्रकमध्ये घालून ल्युलिनला आजीच्या इमारतीच्या दारात ठेवून गेला.

"आई, तुमचा बाक आणलाय," तो म्हणाला.

"बसायला आता जायचंय कुठं, जावईबापू?"

मधली हकिकत आजीने शेजारणीला सांगितली, तेव्हा मला कळली. आठवडाभर ती उभ्याने गेली. एकदा गाडीने गचका दिला आणि ती पडली. मग पोराला पाळणाघरात घातलं. आता ते फक्त रविवारी येतं, आणि घरी जायचं म्हणून लवकर रडू लागतं.

समोरचं आलुबुखाराचं झाड यंदा फुललं. आजीने त्याच्याकडे पाहिलं आणि नवा दोरा पुन्हा माझ्याच दांडीला बांधला.

मित्रांनो, गर्दीवर तोड काढाल तेव्हा उभ्यांबरोबर बसलेल्यांनाही मोजा. आमच्या गाडीत मिळालेली जागा तर महिन्याभरातच भरली, गर्दी होती तिथेच आहे. साहेबांना खिडकी मिळाली. मला ऊन मिळालं. किंमत आजीने मोजली, सोमवार ते शुक्रवारच्या सकाळींनी. सहा जणांच्या बाकावर ती एकटी बसते, कोपऱ्यात, शेजारची जागा नातवासाठी झाडून.