देवीदास पहिलवानाने कुस्ती सोडली

पहिला दगड बाजाच्या पेटीवर बसला, दुसरा मागे टाळ्या धरणाऱ्या मोतीरामच्या खांद्यावर.

"गात राय, देवीदास. थांबू नको," मंचाखालून भगवंतराव ओरडले. त्यांचा कॅमेरा चालूच होता.

देवीदास पहिलवानाने कुस्ती सोडून कव्वाली धरली, असा एक खोटा सिनेमा अमरावतीचे टॉकीजवाले भगवंतराव थट्टेखातर काढत होते. अकोटच्या लोकांना ती थट्टा ठाऊक नव्हती. ते बैलगाड्या जुंपून कुस्ती पाहायला आले होते, आणि वऱ्हाडात नावाजलेला गडी मातीत उतरायचं सोडून रेशमी अंगरखा घालून गात होता.

"काहून बे देवीदास, लुगडं घरीच राह्यलं का?"

काठ्या निघाल्या. मोतीराम पुढे झाला. तो देवीदासचा तालमीतला जोडीदार. रोज पहाटे त्याच्याकडून आपटून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. कुस्तीच्या जाहिरातीत त्याचं नाव कधी आलं नाही. एक काठी त्याने हातावर झेलली, दुसरी हिसकून ज्याची त्याच्याच गुडघ्यावर हाणली. मग विटेचा तुकडा आला आणि त्याचा डावा डोळा फुटला. तो पडला. कोणीतरी त्याच्या छातीवर पाय देऊन पुढे गेलं.

"उठू नको, मोतीराम," भगवंतराव म्हणाले. "असाच पडून राय."

डोळा गेला. दवाखान्यात देवीदास उशाशी बसला. "कोणाले सांगू नको गड्या. खरं कळलं तं पिच्चरची मजा जाईन."

मोतीरामने बायकोशिवाय कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीत टॉकीज भरलं. आता थट्टा सगळ्यांना कळली होती, लोक पोट धरून हसत होते. विटेचा तुकडा लागला तेव्हा सगळ्यात मोठा हशा झाला.

"रक्त कायचं हाय बे?"

"बीटाचं असन."

सिनेमा संपला. देवीदास हात जोडायला पडद्यापुढे आला. तेवढ्यात मोतीरामची बायको जाईबाई बायकांच्या बाजूने उठली, वर चढली, आणि पायातली चप्पल काढून तिने देवीदासच्या तोंडावर हाणली. ओठ फुटला. तिने पुन्हा हाणली.

"हे बी खोटंच हाय का, भाऊजी? माह्या माणसाचा डोळा गेला, सांगा ना याइले."

लोकांनी टाळ्या पिटल्या. शिट्ट्या वाजल्या.

"अजून एक हाण, बाई."

ती हाणत राहिली. देवीदास हात खाली सोडून उभा होता, हनुवटीवरून रक्त अंगरख्यावर गळत होतं. चप्पल तिच्या हातून निसटून पडद्याखाली गेली.

मोतीराम मागच्या बाकावरून उठून वर आला. देवीदासकडे त्याने पाहिलं नाही. चप्पल शोधायला त्याला पूर्ण मान वळवावी लागली, तेव्हा डोळ्यावर बांधलेला रुमाल सरकला, रिकामी खाच उघडी पडली. त्याने तो तसाच राहू दिला. चप्पल धोतराने पुसली आणि बायकोच्या पायाशी वाकून धरली.

"घाल. चाल घरी."

पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या. मागच्या चालूच होत्या.