जग संपल्यानंतरचा चौथा दिवस

पंचेचाळीस सालचा श्रावण नुकताच लागला होता. महिपती मीठ आणायला पठारावरून लोणावळ्याच्या बाजारात उतरला, तेव्हा दिगंबर मास्तर दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. जपानात एकाच बाँबनं आख्खं शहर नाहीसं झालं होतं, धुराखाली काही दिसत नव्हतं.

"असे आनखी किती हायेत?" महिपतीनं विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "देव जाणे."

दुसऱ्या दिवशी पठारावर असं धुकं उतरलं की दारातून गोठ्यातली म्हैस दिसेना. धुक्याचं नवल नव्हतं. पण घाटातली गाडीची शिट्टी ऐकू आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. खालच्या वाडीतली कुत्रीसुद्धा गप्प. महिपती समजायचं ते समजला.

धुक्याच्या तिसऱ्या दिवशी तो बांधावर गेला. बांधापलीकडं धोंडाबाईची झोपडी. बांधावरच्या जांभळीपायी दोघं अकरा वर्षं बोलत नव्हती.

"धोंडाबाई, हायेस का?"

"हाय," पांढऱ्यातून आवाज आला. "कोन मेलं?"

"समदेच."

ती इरलं घेऊन बाहेर आली. त्यानं सगळं सांगितलं.

"लोनावळं?"

"गेलं."

"पुनं?"

"त्ये तर आदीच गेलं आसंल."

"लय वाईट झालं," धोंडाबाई म्हणाली, आणि चूल पेटवायला वळली. "भाकरी खानार का?"

त्या दिवशी त्यांनी जग वाटून घेतलं. पाणी लांबून आणून धोंडाबाईची कंबर मोडली होती, म्हणून नद्या तिला. आगगाडी त्याला. पुणं त्यानं आपणहून देऊ केलं.

"मी काय करू पुन्याचं? झाडायलाच जल्म जाईल."

"बरं, जांभळ तरी घे."

"नगं, तूच घे."

यावरून मात्र दुपारपर्यंत कडाक्याचं भांडण झालं. बायको गेल्यापासून महिपती इतकं कुणाशी बोलला नव्हता. भोवती धुकं दुधासारखं हलत होतं, म्हैस त्यातून पोहत आल्यासारखी यायची, पुन्हा विरून जायची. त्याला फार हलकं वाटत होतं, आणि त्याची थोडी लाजही.

चौथ्या दिवशी धुक्यातून खालच्या वाडीचा नथू आला. नखशिखांत ओला, राखेसारखा करडा.

"घाटात दरड कोसळलीया भाऊ. चार रोज झालं गाडी बंद. म्हटलं, तुमी दोगं कशी हायसा बगावं."

महिपती काही बोलणार, तोच धोंडाबाईनं त्याचा हात दाबला. "गप," ती कुजबुजली. "त्याला आजून कळलं न्हाई."

महिपतीनं नथूकडं नीट पाहिलं. खरंच, बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्याला चुलीपाशी बसवलं, गरम भाकरी वाढली.

"पोरंबाळं बरी हायेत न्हवं?" धोंडाबाईनं विचारलं.

"बरी हायेत की."

तिचे डोळे भरून आले. नथू अर्धी भाकरी हातात घेऊनच उठला.

पुढं शिट्टी वाजली, धुकं गेलं, खाली वाडीतल्या चुलींचा धूरही दिसू लागला. दोघांनी विचार केला आणि ठरवलं, जग संपल्याचं कुणाला सांगायचं नाही. सांगून काय उपयोग? वर येईल त्याला ते जेवू घालत, त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत. पठारावरची माणसं लय मायाळू झालीत, असं वाडीत जो तो म्हणू लागला. काम नसताना लोक वर येऊ लागले.

दसऱ्याला नथूची नवी सून पाया पडायला आली. शंभर वर्षं जग, असं म्हणायला महिपतीची जीभ रेटेना. त्यानं वेलावरची काकडी तोडली, तिला नव्या लुगड्याला पुसायला लागू नये म्हणून आपल्याच धोतराला पुसली आणि तिला दिली. पोरगी तिथंच उन्हात उभी राहून कराकरा खाऊ लागली, आणि दोघं तिच्याकडं बघत राहिली.