रंगाऱ्याच्या खिशातला निळा पंप

खिडकीची चौकट, तिच्यावर वेडावाकडा पांढरा पट्टा.

जिन्यात सांडलेली पुट्टी.

पोटरीत आलेला गोळा.

शेजारी काम करणाऱ्या बायकोची ओरड: "अहो, हात बघा तुमचे!"

हे सगळं एकाच माणसाचं कर्तृत्व. मित्रांनो, मी त्याच्या खिशातला दम्याचा जुना निळा पंप आहे. मालक माझा रंगारी. त्याला मूर्ख म्हणणार होतो, पण मूर्खाला निदान सांगितलेलं ऐकू येतं.

कारखान्यात मला मापात घडवलं. एका दाबाला ठरलेलं औषध, कमी नाही, जास्त नाही. आणि पडलो कुणाच्या हाती? भिंतीवर रंग बसला नाही की "अजून एक हात मारू" म्हणणाऱ्याच्या! "हा माझा देव," असं तो चारचौघांत सांगायचा. देवाला कुणी इतकं पिळत नाही.

त्या दिवशी जुना रंग खरवडताना धूळ उडाली, दम लागला. ओढलं मला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. हात कापायला लागले. त्याला वाटलं, दमाच वाढला. म्हणून पुन्हा! काळीज धडधडलं, पोटऱ्या वळल्या. पुन्हा! अरे, हा माझाच अतिरेक होता. पण मला कुठे तोंड आहे?

शेजारी पुट्टी भरणाऱ्या बायकोने मला हिसकावलं आणि त्याच्या छातीला हात लावला.

"आत शिलाई मशीन चाललंय की काय? किती वेळा ओढलात?"

"मोजतंय कोण? आण तो इकडे."

"दवाखान्यात चला आधी."

"चौकट अर्धी राहिलीय!"

"चौकट काय तुमच्या फोटोला लावायचीय?"

दवाखान्यात तिने मला टेबलावर आपटलं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला तारा जोडल्या, रक्त तपासलं. ठोके बेताल, पोटॅशियम घसरलेलं. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत यंत्रासमोर झोपवून ठेवलं.

"छाती म्हणजे भिंत वाटली का हो?" बाई म्हणाल्या. "पंप सारखा लागतोय म्हणजे दमा आवाक्यात नाही. लगेच इकडे यायचं, पिळत बसायचं नाही."

त्याने मान हलवली. बैलही हलवतो.

मित्रांनो, मला पुसा, झाकण लावा, त्याचं मला काही कौतुक नाही. पण घरात कुणी मला पुन्हा पुन्हा ओढत असेल, हात कापत असतील, काळीज उडत असेल, तर ओरडा. मोठी माणसं शहाणी असतात या भ्रमात राहू नका.

दुकानातून आणलं त्या दिवशी त्याने मला दोनदाच ओढलं होतं, आणि तेवढ्यानेच श्वास मोकळा झाला होता.