चुंबकावरची भुकटी

वडील जाऊन महिना झाला होता, आणि त्यांची एकोणीस वर्षांची मिनीव्हॅन दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना असा गचका द्यायची की मुलीचा जीव टांगणीला लागायचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी सरळ भंगारात, असं मेकॅनिकने आधीच सांगून टाकलं होतं.

त्याने गाडीखालून तेलाचा ट्रे उतरवला. तो आजवर कुणी उघडलाच नव्हता. तळाशी नाण्याएवढं चुंबक होतं.

"ताई, आतलं लोखंड झिजतं ते सगळं इथे येऊन चिकटतं. कपचे निघाले तर विषय संपला."

चुंबकावर करडा लेप होता. मेकॅनिकने तो चिमटीत चोळला आणि थोडा तिच्या बोटावर ठेवला. काजळासारखा मऊ, एकही कण टोचला नाही.

"एवढ्या वर्षांत एवढंच? चालवणारा फार हळुवार माणूस असणार."

"माझे बाबा? त्यांनी घरातलं एक दार कधी धड लावलं नाही. आई म्हणायची, बिजागऱ्या यांच्या नावाने बोटं मोडतात."

"ते घरातलं झालं. पेडलवरच्या पायाचं मला विचारा," मेकॅनिक हसला. "गिअरबॉक्स शाबूत आहे. एक व्हॉल्व्ह अडकतोय, तेवढा बदलतो."

गाडी वाचली होती. पण ती आपल्या बोटाकडेच बघत राहिली. लहानपणी मागच्या सीटवर झोपल्यावर तिला एकदाही धक्क्याने जाग आली नव्हती, आणि हे तिच्या आज पहिल्यांदा लक्षात येत होतं.